आमच्या मातीच्या धरणाची देखभाल: भांडुपच्या एका फर्मच्या कामाबद्दल

मुंबईत राहून शहापूर, मुरबाड, कर्जतकडे जमीन राखणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला जमिनीबरोबर एक तळंही येतं. तळं म्हणजे नाल्यावर घातलेला मातीचा बांध आणि त्याने अडवलेलं पाणी. आधीच्या मालकाने कधी काळी घातलेला बांध असतो, नकाशा कोणाकडे नसतो, गाभ्यात कसली माती भरली हे सांगणारं माणूस हयात नसतं. जमीन बघायला गेलो की आपण पाणी बघतो आणि हरखून जातो. बांधाकडे कोणी बघत नाही. अशा खाजगी बांधांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणारी, डागडुजी करून देणारी आणि उन्हाळ्याच्या पाण्याचा हिशेब मांडून देणारी एक छोटी फर्म भांडुप पश्चिमेला आहे. आम्ही गेले काही पावसाळे त्यांच्याकडून हे काम करून घेतो. मला त्यांचं काम मनापासून आवडलं आहे. काही गोष्टी खटकल्या, त्याही लिहिते.

आधी माझी बाजू. मी मुंबई महापालिकेच्या जल अभियंता खात्यातून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ विहार आणि तुळशी तलावांच्या अंगाला गेला. विहारचे बांध मातीचे आहेत आणि १८६० मध्ये पुरे झालेले आहेत. इतकी वर्षं ते उभे आहेत याचं श्रेय बांधणाऱ्यांना आहेच, पण त्यांच्यावरून रोज चालत जाऊन ओल, भेग, बीळ बघणाऱ्या माणसांनाही आहे. मातीचं धरण एकदा बांधून मोकळं होता येत नाही. मी हे काम विकत घेताना या नजरेने बघत होते.

आमची जमीन शहापूर तालुक्यात, चौदा कुटुंबांची सामाईक. बहुतेक जण मुलुंड, भांडुप, दादरचे, सगळ्यांच्या घरी कुठे ना कुठे वडिलोपार्जित शेती असलेले. बांध ११० मीटर लांब, नाल्याच्या तळापासून ७ मीटर उंच, माथ्यावर अडीच मीटर रुंद. तळं पूर्ण भरलं की पाण्याचा पसारा साधारण एक हेक्टर होतो आणि सरासरी दोन मीटर खोली धरली तर दोन कोटी लिटर पाणी साठतं. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं, म्हणजे आमचं अख्खं तळं या शहराला सात मिनिटं पुरेल. पण बांधाखाली नाल्याच्या काठाने तीसेक घरांचा पाडा आहे, आणि त्या पाड्यासाठी हे दोन कोटी लिटर एकाच वेळी आधारही आहे आणि धोकाही.

याच कारणासाठी मला ही मंडळी पहिल्या दिवशीच पटली. त्यांच्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठेकेदाराला बोलावलं होतं. तो गाडीतून उतरला, माथ्यावर उभा राहिला, जेसीबी किती तास लागेल ते बोटांवर मोजलं आणि अर्ध्या तासात आकडा सांगून गेला. भांडुपच्या फर्मचे थोरले भागीदार आले ते बांधावर चढलेच नाहीत. आधी नाल्याने खाली गेले. पाडा कुठे सुरू होतो, सर्वात खालचं घर नाल्याच्या तळापासून किती उंचीवर आहे, शाळेची खोली कुठल्या काठाला, मोरीचा पूल किती रुंद, रात्री पाणी आलं तर माणसं कुठल्या टेकाडावर चढतील, हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं. पाड्यातल्या म्हाताऱ्या बायांशी बोलले. "पाणी बांधावरनं कवा गेलं व्हतं का, आजी?" असं विचारल्यावर एकीने सांगितलं की तिच्या लग्नानंतरच्या एका पावसाळ्यात मधल्या भागावरून पाणी सांडलं होतं. ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती. मग दुपारी ते बांधाकडे वळले.

मधला भाग हाच खरा प्रश्न निघाला. त्यांच्याबरोबर आलेल्या तरुण मुलीने लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून माथ्यावर दर पाच मीटरला उंची घेतली. मूळ बांधताना सांडव्याच्या, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत १.२ मीटर अंतर ठेवलेलं असणार. नाल्याच्या पात्रावर भराव सर्वात उंच असतो, म्हणून तिथेच तो जास्त बसतो. आमचा माथा तिथे ३५ सेंटिमीटर बसला होता. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, कारण खाच लांबवर पसरलेली असते. दुसरीकडे सांडव्यात दगड आणि माती साचून उंबरा २५ सेंटिमीटर वर आला होता, त्यावर टणटणी आणि करवंदीची जाळी. म्हणजे १.२ मधून उरले ६० सेंटिमीटर.

आता पुराचं गणित. बांधाच्या वर ४० हेक्टरचं पाणलोट आहे, म्हणजे तेवढ्या जमिनीवरचं पावसाचं पाणी तळ्यात उतरतं. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला सत्तर टक्के वाहून आला, तर सेकंदाला जवळपास ८ घनमीटर पाणी सांडव्याकडे येतं. आठ मीटर रुंदीच्या सांडव्यावरून तेवढं पाणी जायला ७० सेंटिमीटर खोली लागते. आमच्याकडे ६० होती. उरलेलं पाणी मधल्या खाचेतून माथ्यावरून गेलं असतं, आणि मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की मागच्या, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध अंगाच्या, उताराची माती तासाभरात पाण्याबरोबर निघून जाऊ शकते. दगडी धरण असा मारा काही काळ सोसतं, मातीचं सोसत नाही. गुजरातमध्ये मोरबीजवळच्या मच्छू-२ धरणाचे मातीचे बाजूचे भाग ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच पाणी वरून जाऊन वाहून गेले.

मी घरी येऊन ही आकडेमोड पुन्हा केली. बरोबर होती. शिवाय तासाला १०० मिलिमीटर मला कमी वाटत होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस या शहरातल्या कोणालाही विसरता येणार नाही. मी फोन करून म्हटलं, दीडशे धरून बघा. थोरल्या भागीदारांनी वाद घातला नाही. दोन दिवसांत नवा आराखडा आला: माथा भरून आणि उंबरा साफ करून १.२ मीटर परत मिळवायचे आणि सांडवा आठऐवजी बारा मीटर रुंद करायचा, म्हणजे दीडशेच्या पावसातही पाण्याची खोली सत्तरच्या आत राहते आणि वर अर्धा मीटर मोकळा उरतो, लाटांसाठी. ग्राहकाचं म्हणणं ऐकून हिशेब पुन्हा मांडणारी माणसं मला नोकरीतही फार भेटली नाहीत.

सांडवा रुंद करण्याला आमच्यात कोणाचा विरोध नव्हता. विरोध झाला जाळीवरून. तळ्यात आम्ही रोहू आणि कटला सोडतो. पावसात सांडव्यावरून मासे खाली जातात, म्हणून काही सभासदांना तिथे लोखंडी जाळी हवी होती. फर्मने साफ नकार दिला. जाळी बसवायची असेल तर आमचं नाव तुमच्या बांधाशी जोडू नका, असं लेखी कळवलं. मुलुंडला आमच्या एका सभासदाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली, त्यात बरीच तणातणी झाली. तेव्हा मी जॉन्सटाऊनची हकीकत सांगितली, ती इथेही सांगते, कारण खाजगी धरण राखणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकायला हवी.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. मालकी पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी आणि शिकारीच्या क्लबची. माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून त्यांनी माथा थोडा उतरवून घेतला. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून नेले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. आणि हौसेने सोडलेले मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला. जाळ्यांत ओंडके आणि पालापाचोळा अडकला, सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून गेलं आणि बांध फुटला. खाली वीसेक किलोमीटरवरच्या जॉन्सटाऊन गावात २,२०९ माणसं मेली. तिन्ही गोष्टी मालकांनी आपल्या सोयीसाठी केल्या किंवा तशाच राहू दिल्या होत्या, आणि मेली ती खालची माणसं.

जाळीचा ठराव मागे घेतला गेला. आता मासे जातात तेव्हा पाड्यातली पोरं खाली पुच्छ कालव्यात (सांडव्याचं पाणी नाल्याला नेणाऱ्या चरात) टोपल्या लावून धरतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पाझराबद्दल त्यांचं काम सर्वात बारकाईचं होतं. बांधाच्या मागच्या पायथ्याशी, जुन्या मोरीच्या (बांधातून पाणी सोडायच्या पाइपाच्या) उजव्या हाताला, बारमाही ओल होती. तिथे लव्हाळं माजलेलं. आमच्यातल्या काहींची इच्छा होती की तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून गळती कायमची बंद करावी. फर्मने सांगितलं की मातीचं धरण थोडं पाझरतंच. किती पाझरतं, ते वाढतंय का, आणि पाणी स्वच्छ आहे का, या तीन गोष्टी बघायच्या. गढूळ पाणी आलं तर समजायचं की आतून माती वाहतेय, आणि एकदा मातीतून नळी पडायला लागली की ती आतल्या आत पाण्याच्या दिशेने वाढत जाते.

त्यांनी पायथ्याला उथळ चर खणून सगळी ओल एका ठिकाणी आणली आणि तिथे पत्र्याची नव्वद अंशांची त्रिकोणी खाच बसवली. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह कळतो. तळं भरलेलं असताना ५ सेंटिमीटर भरतं, म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या जवळपास. हेच ७ सेंटिमीटर झालं तर प्रवाह दुपटीहून जास्त होतो. उंची थोडी वाढली तरी पाणी झपाट्याने वाढतं, हे राखणदाराला त्यांनी पंधरा लिटरच्या बादलीने भरून दाखवलं: आज बादली वीस सेकंदांत भरते, उद्या दहात भरली तर लगेच फोन. बाजूला पट्टी रंगवली आहे, हिरवा, पिवळा, लाल. राखणदार आणि त्याची बायको, दोघंही ती वाचतात आणि रोज सकाळी मोबाइलवर फोटो टाकतात.

मोरीचा पाइप भरावातून आरपार जातो आणि व्हॉल्व्ह मागच्या बाजूला आहे, म्हणजे पाइपात कायम दाबाखाली पाणी. पाइप गंजून फुटला तर धरणाच्या पोटात पाणी सुटणार. पाइपाच्या कडेने माती नीट धुमसलेली, म्हणजे ठोकून घट्ट केलेली, नसते, म्हणून पाणी तिथूनच वाट काढतं. पानशेतला १२ जुलै १९६१ ला जे झालं त्यातही भरावाखालून जाणाऱ्या मोरीचा भाग मोठा होता. फर्मने पुढच्या बाजूला, पाण्याच्या अंगाला, नवा दरवाजा बसवला आणि मागे पाइपाच्या तोंडाभोवती गाळणी भरली: आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी, वर दगड. पाणी बाहेर येतं, माती आत राहते.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट त्यांनी पाड्यातल्या पुरुषांना गोळा करून समजावली, ती मला फार महत्त्वाची वाटते. पायथ्याला अचानक उमाळा फुटला तर माणूस पहिल्यांदा काय करतो? चिखल आणि पोती टाकून तोंड बुजवतो. ते करायचं नाही. तोंड बुजवलं की पाणी दाब धरून दुसरीकडून, जास्त जोराने फुटतं. उमाळ्यावर वाळू टाकायची, त्यावर खडी, पाणी येऊ द्यायचं पण माती अडवायची. आणि लगेच मोरी उघडून तळं खाली करायला घ्यायचं. आता दरवर्षी मे महिन्यात दोन ब्रास वाळू आणि दोन ब्रास खडी ताडपत्रीखाली पायथ्याशी पडलेली असते. ती कोणी बांधकामाला वापरायची नाही, असा आम्ही नियमच केला आहे.

बांबूची भानगड थोडक्यात सांगते. एका सभासदाने मागच्या उतारावर हौसेने बांबू लावला होता. तो काढायला लावला, मुळांचा गड्डा खणून खड्डा थराथराने धुमसून भरला. मोठी झाडं नुसती तोडली की मुळं आत कुजतात आणि पाण्याला वाटा मिळतात, म्हणून आत्ताच काढा, हे त्यांचं म्हणणं. मात्र पायथ्यापासून पुरेसं लांब असलेलं जुनं जांभूळ त्यांनी राहू दिलं. उतारावर आता हरळी आहे आणि कडेने वाळ्याच्या ओळी. खेकड्यांची आणि घुशींची बिळं दर पावसाळ्याआधी शोधून, मोकळी खणून, जेमतेम ओलसर मातीने ठोकून भरतात. कापलेलं गवत उतारावर पडू देत नाहीत, कारण त्याखाली बीळ दिसत नाही.

गाळाच्या बाबतीत त्यांनी आम्हाला थांबवलं याबद्दलही आभार मानायला हवेत. उन्हाळ्यात गाळ काढायचा म्हणून आम्ही मोठे पंप लावून आठवड्यात तळं उपसणार होतो. पाणी इतक्या वेगाने उतरलं तर पुढच्या उताराच्या आत अडकलेलं पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि ओला उतार घसरतो. मोरीने हळूहळू उतरवा, घाई नको, असं त्यांनी सांगितलं. बांधाच्या आतल्या पायथ्यालगतचा गाळही उकरू दिला नाही, कारण तो गाळच तिथे पाझर अडवतो. मधला गाळ पाड्यातल्या शेतकऱ्यांनी नेला आणि आपल्या खाचरांत पसरला.

आता पाण्याच्या वाटणीकडे येते. आमच्यापैकी बऱ्याच जणांना ही सेवा फक्त बांधाची वाटत होती, मला तिचा हा भाग सर्वात मोलाचा वाटला. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, मुंबईचं बरंचसं पाणी या तालुक्यातून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. नोकरीत असताना आकडेवारीच्या कागदावर हे माझ्यासमोर असायचं. आमच्या तळ्याखालीही तेच घडावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

फर्मच्या त्या तरुण मुलीने होळी ते पावसाळा या काळाचा हिशेब मांडला. पाड्यात दीडशे माणसं, माणशी ७० लिटर धरलं तर रोज साडेदहा हजार लिटर. होळीला तळ्याचा पसारा पाऊण हेक्टरवर येतो. उन्हाने रोज ६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तरी ते ४५,००० लिटर होतं. म्हणजे पाडा पितो त्याच्या चौपटीहून जास्त पाणी ऊन पितं. आमच्या बैठकीत कोणीतरी म्हणत होतं की पाड्याला पाणी दिलं तर आपल्या कलमांना उरणार नाही. हा तक्ता भिंतीवर लावल्यावर ते बोलणं संपलं. पायथ्याचा पाझर पुढे जाऊन पाड्याच्या विहिरीला लागतो, हेही तिने विहिरीची पातळी आणि खाचेतला प्रवाह शेजारी शेजारी मांडून दाखवलं. प्लास्टिकचा कागद अंथरला असता तर ती विहीर मार्चमध्ये आटली असती.

शेवटी ठरलं ते असं: पहिला हक्क पाड्याच्या पिण्याच्या पाण्याचा आणि गुरांचा. मग आमच्या आंब्याच्या कलमांना ठिबकने. भाजीपाला पाणी उरलं तरच. मोरीची किल्ली दोन, एक आमच्या राखणदाराकडे, एक पाड्यातल्या बचत गटाच्या बायांकडे. किल्लीची कल्पना फर्मची होती. पाणी सोडण्याची वेळ ठरवणाऱ्या बायाच धोक्याच्या वेळी मोरी उघडणार आहेत, म्हणून त्यांना दरवाजा फिरवायची सवय असली पाहिजे, हे त्यांचं कारण होतं. एकदम पटण्यासारखं.

गेल्या जुलैतला प्रसंग. रात्रभर पाऊस, पहाटे राखणदाराचा फोन, पट्टीवर पाणी पिवळ्यात गेलं होतं. मी फर्मला फोन लावला, पहिल्या रिंगला त्या मुलीने उचलला. तिने राखणदाराला थेट लाइनवर घेतलं. "दादा, काचेची बाटली भरा, अर्धा तास हलवू नका, तळाला माती बसते का बघा." अर्ध्या तासाने बाटलीचा फोटो आला. पाणी नितळ होतं. तळं पूर्ण भरल्यामुळे आणि उतारावर पडलेलं पावसाचं पाणी चरात आल्यामुळे प्रवाह वाढला होता. तरीही तिने दुपारपर्यंत दर तासाला बाटली भरायला लावली आणि संध्याकाळी स्वतः खर्डीला उतरून जागेवर पोचली. सांडव्यावरून तेव्हा चाळीस सेंटिमीटर पाणी जात होतं. जुना सांडवा आणि बसलेला माथा असता तर काय झालं असतं, हा विचार मी त्या दिवशी खूप वेळ करत होते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, झोपेतली माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. आमच्या पाड्यातल्या कोणी ओल दिसल्याचं सांगितलं आणि मुंबईत ते कोणी ऐकलंच नाही, असं आमच्या बाबतीत कधीही होता कामा नये.

खटकलेल्या गोष्टी. त्यांचा अहवाल इंग्रजीत येतो, चाळीस पानं, अर्धी पानं ड्रोनच्या फोटोंची. ड्रोनचे पैसे वेगळे लावले होते आणि त्यातून कळलं असं काही नाही, जे चालत जाऊन कळलं नसतं. पुढच्या वर्षी आम्ही ड्रोन नाकारला. मराठी सारांश मागून मागून दुसऱ्या वर्षी मिळाला, तोही मी भाषा सुधारून घेतल्यावर. ज्या माणसांनी रोज बांध बघायचा त्यांच्या भाषेत कागद नसेल तर तो कपाटातच राहतो, हे इतक्या चांगल्या माणसांना सांगावं लागलं याचं वाईट वाटलं. मे महिन्यात ते वेळेवर येत नाहीत. एकाच वेळी सगळ्यांची बोलावणी असतात, तारीख दोनदा पुढे गेली आणि बिळं भरायचं काम पहिल्या पावसात उरकावं लागलं. चिखल झालेली माती नीट धुमसत नाही, त्यामुळे तेवढा भाग पावसाळा संपल्यावर पुन्हा करावा लागला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

खर्चाचं सांगायचं तर दोन तपासण्या, रोजच्या फोटोंवर नजर आणि पावसाळ्यात कधीही फोन, याचे वर्षाला ३६,००० रुपये. चौदा कुटुंबांत वाटले तर घरटी अडीच हजारांच्या आसपास. सांडवा, माथा आणि दरवाजाचं काम वेगळं होतं आणि त्याचा भार आम्हाला दोन वर्षांत पेलावा लागला. आधीच्या ठेकेदाराने सांगितलेल्या आकड्याहून ते जास्तच होतं, पण त्याच्या आकड्यात सांडव्याचा उल्लेखही नव्हता.

तुमचा बांध उंच असेल तर एक लक्षात घ्या. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याखाली १५ मीटरहून उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही विशिष्ट अटींत बसणारी. तशा धरणाला सरकारी यंत्रणेकडेच जावं लागेल. सात-आठ मीटरचे आपल्यासारखे बांध त्या कायद्याच्या नजरेत येत नाहीत. त्यांच्याकडे बघणारं मालकाखेरीज कोणी नाही, म्हणून अशा बांधांसाठी ही फर्म मी निःशंक सुचवते.

बोलवायचं असेल तर मेमध्ये फोन करू नका. दसऱ्याच्या सुमारास, तळं काठोकाठ भरलेलं असताना बोलवा. ओल कुठे आहे ते तेव्हाच नीट दिसतं, कामाला पुढे सहा-सात कोरडे महिने मिळतात, आणि त्यांच्याकडे तेव्हा वेळही असतो. पहिल्या भेटीला पाड्यातली किंवा गावातली दोन जुनी माणसं मुद्दाम बरोबर घ्या.